पाचवं लाइफ जॅकेट

४ मार्च, मंगळवार

नापास! चांगलं नवंकोरं लाइफ जॅकेट नवऱ्याने नापास केलं. कारण काय, तर म्हणे चेन अडकते. इतक्या वेळा खालीवर केली की दुकानदार खुर्चीतून उठून उभा राहिला, आणि मग ती एकदाची जरा अडकली. झालं! चेहऱ्यावर आनंद मावेना.

जन्मभर कारखान्यात कुकरची झाकणं तपासली या माणसाने. निवृत्त झाला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. घरातला साधा डबासुद्धा याने पास केल्याशिवाय फळीवर जात नाही. आता माझ्या जॅकेटच्या मागे लागलाय.

शिडाची होडी मी शिकणार आहे, तो नाही! २३ तारखेला पहिला धडा. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय. धाकटी बहीण फोनवर फिदीफिदी हसली होती — "ताई, तू? होडीत?" त्याच दिवशी जाऊन नाव घातलं.

६ मार्च, गुरुवार

दुसरं दुकान. विकणारा म्हणजे नुसता पोपट. "पोहता येतं का मॅडम?" म्हटलं, थोडंफार. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्यात बघण्यासारखं काय होतं! "मग हे कॉलरवालं घ्या. माणूस बेशुद्ध पडला तरी उताणा होतो, तोंड पाण्याबाहेर राहतं." बेशुद्ध! गिऱ्हाइकाशी बोलायची ही रीत?

घातलं. नवऱ्याने मागून खांदे धरून असं वर ओढलं की मी चवड्यांवर आले. "कानापर्यंत येतंय. नापास." अरे, एवढ्या जोराने ओढलंस तर माझं मुंडकंही निघून येईल! दुकानातला पंखा धड चालत नव्हता. तळहात नुसते चिकचिकत होते.

९ मार्च, रविवार

क्लबमध्ये ओळखीची बैठक. शिकाऊ म्हणजे एकेक नग! एक दंतवैद्य — नवा गॉगल, गॉगलला दोरी. एक जोडपं — एकसारख्या टोप्या घालून. वय काय, वागणं काय.

प्रशिक्षक स्वतःवरच खूश. पहिल्याच दिवशी होडी मुद्दाम उलटी करतात म्हणे. "एकदा पाण्यात पडलात की भीती मोडते." यावर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या! अक्कल गहाण टाकून आलेत सगळे. मग धक्क्याच्या टोकाला जाऊन फोटो काढले. मी मागे बाकावर बसले. ऊन फार होतं.

१३ मार्च, गुरुवार

तिसरं. जॅकेटला लावलेल्या शिट्टीचा आवाज बसका. नापास. काय बोलायचं!

१५ मार्च, शनिवार

चौथं घरी आणलं, आणि मग तमाशा. नवऱ्याने माझ्या वजनाचं वाळूचं पोतं भरलं. त्याला जॅकेट बांधलं. क्लबच्या सरावाच्या तलावात नेऊन सोडलं. पोतं जॅकेटसकट तळाला!

"नापास," म्हणाला.

दंतवैद्य तिथेच होता. "अहो, वाळू बुडणारच. माणूस म्हणजे वाळू का?" त्या गॉगलवाल्याला कळतं, आणि जन्मभर तपासण्या केलेल्या माणसाला कळत नाही! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

झोप मात्र छान लागली.

१८ मार्च, मंगळवार

बहिणीचा फोन. "अजून जॅकेटच घेतेयस?" सगळं खापर याच्यावर फोडलं. हा नसता तर मी केव्हाच तयार झाले असते, असं सांगितलं. हा समोर शेंगा सोलत बसलेला. सोलतच राहिला. नुसता बुळा!

फोन ठेवून म्हटलं, एवढी हौस आहे ना, मग पाचवं स्वतः घाल आणि उतर पाण्यात! शॉवरखालीसुद्धा उभा राहत नाही हा. तांब्याने अंघोळ करतो.

२१ मार्च, शुक्रवार

उतरला!

पिवळं जॅकेट, खाली बारीक काड्या पाय. चष्मा माझ्याकडे दिला. शिडी काही सोडवेना. प्रशिक्षक म्हणाला, "अंग सैल सोडा काका, तोंड खाली." आणि सोडलं की याने! टकलाशिवाय काही दिसेना. मग जॅकेटने हळूच कूस बदलली आणि हा उताणा झाला. नाकातोंडात पाणी, खोकून खोकून बेजार. परत तेच केलं. मग आणखी एकदा.

मी हसले. चांगली मोठ्याने हसले. काठापासून बरीच लांब उभी होते, तरी हातातून चष्मा पडला. काच तडकली.

२२ मार्च, शनिवार

संध्याकाळी चहा ढवळत नवरा म्हणाला, "हेही नापास करू का?"

"म्हणजे?"

"आधीची चारही चांगली होती गं. पहिल्याच दुकानात तुझे हात बघितले मी. बकल लावता येत नव्हतं तुला, इतके थरथरत होते." मग म्हणाला, "हेही चांगलंय. म्हणूनच नीट बघून घेतलं. पण तू म्हणशील तर नापास."

मला पाण्याची भयंकर भीती वाटते. हे मी या वहीलाही कधी कळू दिलं नाही, आणि त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"पास कर," म्हटलं.