ओव्हन रिकामा करून दे

३ मार्च

चि. खटपट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तू नुसता हां हां करतोस आणि ऐकत काहीच नाहीस. शिलाई मशिनींच्या खडखडाटात तुझे कान गेले ते गेलेच, तेव्हा आपली पत्रंच बरी. आईच्या खोलीची चावी महिनाअखेर मालकाला द्यायची आहे, विसरू नकोस. कपाट आणि पलंग कोणीही नेईल. प्रश्न आहे तो तिच्या मायक्रोवेव्हचा. तो भंगारवाल्याला अजिबात द्यायचा नाही. ते लोक हातोड्याने फोडतात, आणि काही जुन्या ओव्हनच्या आत असा एक भाग असतो की त्याची पांढरी पूड छातीत गेली तर माणूस आयुष्यभर खोकत बसतो. आमच्यासारखं विजेच्या जुन्या वस्तू घेणारं केंद्र तुमच्याकडेही आहे, बस डेपोच्या मागे. तिथे नेऊन दे. मात्र रिकामा करून दे, नाहीतर परत पाठवतात. आमच्याकडे रोज दहा जण तसाच घेऊन येतात आणि माझ्या टेबलापाशी हुज्जत घालतात.

माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. धाकटीची खुशाली विचारत नाही. आईच्या दुखण्यात आम्हा नणंद-भावजयीत जे झालं ते झालं, तू मध्ये पडू नकोस. तब्येतीला जप, माया आहेच.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हुकूम पोचला. रविवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी ओव्हन घरी आणून रिकामा करतो. आधी लावून बघेन, दिवा लागतो का, थाळी फिरते का, म्हणजे आतलं काय ठेवण्यासारखं आहे ते कळेल. मग प्लग काढायचा आणि पेच सोडायचे. मला शिकवायला जाऊ नकोस. चाळीस वर्षं दुरुस्तीला आलेल्या मशिनी रिकाम्या करतोय, सांगाडा एकीकडे आणि आतडी एकीकडे. तुमची केंद्रवाली मंडळी मात्र बिलंदर, स्वतःचं काम लोकांच्या गळ्यात मारतात!

धाकटी म्हणते, आहे तसा नेऊन द्या, परत पाठवला तर बघू. मग म्हणाली की ताईंनी सांगितलंय म्हटल्यावर तुम्ही विहिरीतसुद्धा उडी माराल. तुम्ही दोन वाघिणी आणि मधे मी गरीब शेळी. आई गेली, आता तरी हा अबोला सोडा. दोघींपैकी कोणी आधी बोललं तर आकाश कोसळणार नाही.

तुझा,
खटपट्या


११ मार्च, शनिवार

चि. खटपट्यास,
अ. आ.

काल संध्याकाळी तुझं पत्र आलं. अरे शहाण्या, रिकामा म्हणजे आतली काचेची थाळी काढ, एखादं भांडं राहिलं असेल ते काढ, फडक्याने पूस. आमच्या केंद्रात रिकामा म्हणजे एवढंच. पेच एकही सोडायचा नाही! त्यात कपॅसिटर नावाची एक डबी असते. प्लग काढला तरी ती वीज धरून बसते, आणि ती घरातल्या विजेपेक्षा कितीतरी जबर असते. लावून बघितल्यावर लगेच उघडणं तर फारच वाईट.

पत्र जलद टपालाने टाकते आहे, सोमवारी मिळेल. कामं पुढे ढकलण्यात तुझा हात कोणी धरू शकत नाही, तो गुण या रविवारी दाखवलास म्हणजे मिळवली. वाचल्याबरोबर उत्तर टाक, माझा जीव टांगणीला आहे.

ताई


२५ मार्च

ती. वन्संस,
कृ. सा. न.

तुम्ही येऊन गेलात तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, बोलणं झालं नाही. तुमचं शनिवारचं पत्र त्या सोमवारी आलं होतं. कोणीतरी ते वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. मला काल मिळालं.

त्या रविवारी दुपारी काय झालं ते तुम्हाला नीट कोणी सांगितलं नसेल. त्यांनी ओव्हन लावला, दिवा लागला तर खूश झाले. मी मागे भुणभुण करत होते म्हणून प्लग काढून तो हातात धरून मला दाखवला. पेच बशीत ओळीने लावले. मी कपडे आणायला गच्चीवर गेले, पाच-सात मिनिटं लागली असतील. खाली आले तर ते टेबलाशेजारी पडलेले. उजव्या हाताच्या बोटावर तिळाएवढा काळा डाग होता, बाकी अंगावर ओरखडासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले की हृदय तिथल्या तिथे थांबलं.

मला एकच विचारायचं आहे. शुक्रवारी तुम्हाला कळलं होतं. फोन का नाही केलात? त्यांना ऐकू येत नव्हतं, मला येतं.

धाकटी


३० मार्च

चि. धाकटीस,

सवयीने नावाआधी सौ. लिहिलं आणि तो कागद फाडला. हा दुसरा.

तुझा नंबर माझ्याकडे आहे. शुक्रवारी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. सासूला कपभर दूध गरम करून द्यायचाही तुला कंटाळा येतो, असं मी चार माणसांत बोलले होते. ते खोटं होतं आणि बोलतानाच मला ठाऊक होतं. फोन केला असता तर आधी ते निस्तरावं लागलं असतं. मीच का पडतं घेऊ, असं वाटलं. म्हणून पत्र लिहिलं. सोमवारी मिळणार हे लिहितानाच माहीत होतं. त्याला आळस येईल यावर मी विसंबले.

माझ्या टेबलामागे भिंतीवर पाटी आहे, ओव्हन उघडू नये. ती मी रोज परक्यांना वाचून दाखवते. पहिल्याच पत्रात त्याला लिहायचं सुचलं नाही. माझ्या ताठ्याने माझा भाऊ गेला. तुझ्याकडे क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

ओव्हन अजून तसाच उघडा असेल तर हात लावू नकोस. तुमच्याकडच्या केंद्राशी बोलले आहे. मंगळवारी त्यांचा जाणकार माणूस येऊन तो नेईल. तोवर त्या खोलीला कडी घाल.

ताई


७ एप्रिल

ती. वन्संस,
नमस्कार.

मंगळवारी माणूस आला. जाडे रबरी हातमोजे घालून त्याने आधी त्या डबीतली उरलीसुरली वीज उतरवली, मग सगळं एका खोक्यात घालून नेलं. मी दारात उभी राहून पाहिलं. त्याने किती सावकाश काम केलं!

तुमचं पत्र वाचून चार दिवस मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितलंसुद्धा, की बहिणीने एक फोन केला असता तर माणूस वाचला असता. सगळ्यांना ते पटलं. पाचव्या दिवशी एकटीच बसले होते, तेव्हा खरं काय ते समोर आलं. त्या शुक्रवारी तुमचा फोन आला असता तर मी नाव बघून तो पालथा घातला असता. शनिवारी आला असता तरीही. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

लोभ असावा असं शेवटी लिहायचं असतं. आज ते लिहवत नाही. या वेळी पत्र नको, फोन करा.

धाकटी