आबांच्या रायफलचा दांडा

परतवाडा
घटस्थापना, २२ सप्टेंबर २०२५

मनोजभाऊजी यांस,
वच्छलावहिनीचा नमस्कार.

इकडं समदं ठीक. आज घट बसले. संत्र्याले फळगळ लागली होती, ती आता थांबली. तुमच्या भावाची तब्येतही ठीकच. फोनच केला असता, पण दुकानाचा नंबर दिसला का तुमी कापता, म्हणून हे पत्र.

कारण असं, की आबांची रायफल आपल्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात आली आहे. तुमची करिश्मा घेऊन आली, तुमाले न सांगता. पोरीवर चिडू नका. दसऱ्यानंतर तिची नेमबाजीची निवड चाचणी आहे, अन् गोळी झाडली का रिकामं काडतूस आतच फसते. मग मागच्या सरकत्या बोल्टचा दांडा तळव्यानं ठोकून उघडावा लागते. हात काळानिळा करून आली होती, बाई!

तुमच्या भावानं बोल्ट हाती घेतला अन् जोड पाहूनच म्हणाले, "हे मन्याचं काम आहे." तुटलेला दांडा तुमी अकोल्याले, तुमच्या पंपाच्या वर्कशॉपात बसवला ना? जोड पक्का आहे, त्याले नाव नाही ठेवलं. पण तुमी दांडा नुसता डोळ्यानं पाहून बसवला. आपल्या घरची खोडच ती. दसऱ्याले आबा दुकानातल्या समद्या बंदुका पाटावर ओळीनं मांडत, अन् एखादा दांडा ओळीबाहेर दिसला का तुमा दोघा लेकायले ओरडत. तुमी तसाच पूजेले शोभेल असा बसवला, अन् तो केसभर मागं बसला. दांडा वर उचलताना त्याचं बूड रायफलच्या अंगावरच्या उताराले घासते अन् बोल्टले जरासं मागं रेटते, तवाच फसलेलं काडतूस सुटते. आता बूड उताराले टेकतच नाही, म्हणून तो रेटाच नाही राहिला. "देखणा आहे, कामाचा नाही," म्हणाले, अन् हसले. तुमचं नाव घेऊन हसताना त्यायले मी लई दिवसांनी पाहिलं.

मग दांडा काढला, पुन्हा बसवला. आच पुढं जाऊ नये म्हणून बोल्टच्या तोंडाले ओलं फडकं गुंडाळलं, चांदी वितळवून जोडाले टाका दिला. रिकामं काडतूस घालून पाहिलं, सुटते. गोळी अजून झाडली नाही.

आता मघापासून जे टाळून राहिली, ते लिहते. दांडा बसवला म्हटलं, पण कोणी ते नाही लिहलं. मी बसवला. अन् तब्येत ठीक आहे, हेही खोटंच. त्यायचे दोन्ही हात कापतात. अमरावतीच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला. गोळ्या चालू आहेत, पण चहाची बशीसुद्धा मलेच धरावी लागते. ते स्टुलावर बसून सांगत होते, "अजून पुढं. अजून. बस!" अन् मी करत होती, घामाघूम. म्हणतात, "तुले काहून एवढं भेव वाटते?" काहून म्हणजे? पोरीचं तोंड असते त्या बोल्टमागं! अन् माझ्या हातचा हा पयलाच टाका.

मी सांगून टाकलं, अशी ही रायफल मी पोरीले देत नाही. जेवण झालं, मी त्यायचे हात पुसले, तवा म्हणाले, "मन्यानं तपासल्याबिगर ही दुकानाबाहेर जाणार नाही. पण त्याले मी सांगणार नाही."

मी सांगून राहिली. आबा गेल्यावर गिऱ्हाइकासमोर त्यायनं तुमाले बंदुकीचा कारागीर नाही, नुसता वेल्डर म्हटलं, अन् तुमी कामाची हत्यारं टाकून अकोल्याले निघून गेले. चूक त्यायची होती. मी तवाही म्हटलं, आजही म्हणते. ते या जन्मात म्हणतील असं वाटत नाही, अन् त्यासाठी अडून बसाल तर पोरीची चाचणी जाईल.

तुमी या. टाका कच्चा वाटला तर बेशक तोडा, मले राग नाही. तुमची हत्यारं तुमच्याच जागी आहेत.

सकाळच्या एसटीनं निघा. दुकानाचं दार लोटलेलं असते, वाजवू नका. वाजवलं का ते स्वतः उघडायले उठतात, अन् पडतात.

तुमची वहिनी,
वच्छला