फुकटात गाडी लावण्याचा खर्च

ओकाला, फ्लोरिडा
बुधवार, संध्याकाळ

तीर्थरूप क्लोव्हिसमामांस,

ओरिनचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, नेवामामींची सर्दी गेली का, आणि या वर्षी मधमाश्या पेट्या सोडून गेल्या नाहीत ना, हे तिन्ही प्रश्न मी मनापासून विचारतो आहे. उत्तराची घाई नाही. इकडे माझी तब्येत ठीक आहे. टायरच्या दुकानातही ठीक चाललं आहे. (मालकांनी मला आता चाकांचा तोल बघायच्या यंत्रावर घेतलं. पगार तोच आहे, पण बसायला स्टूल मिळतं.) फोन न करता पत्र लिहितो याचं कारण एवढंच की फोनवर तुम्ही 'थोडक्यात सांग' म्हणता, आणि शनिवारची हकिकत थोडक्यात सांगितली तर तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होण्याचा संभव आहे. सविस्तर सांगितली तरी होईलच, पण निदान पूर्ण होईल.

तुमची व्हॅन मी कशासाठी नेली हे तुम्हाला माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो. ट्वायला बॉग्ज सोमवारी टेनेसीला, चॅटनूगा गावी, नोकरीवर रुजू व्हायला जाणार होती, आणि त्याआधी मला तिला लग्नाचं विचारायचं होतं. दोन वर्षं आम्ही दर शुक्रवारी एकत्र जेवतो, पण विचारायचं राहून गेलं होतं. (नेमकं कधी विचारावं हे कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधलं.) तुम्ही म्हणाला होता की पाण्याजवळ विचार, तुझ्या मामीला मी नदीवर विचारलं. म्हणून मी पेलिकन बे ही पाळण्यांची आणि खेळांची मोठी बाग ठरवली. त्या बागेला लागून मोठं तळं आहे, तळ्याकाठी बागेचीच तीन हॉटेलं आहेत, आणि हॉटेलांपासून बागेच्या दाराशी नेणारी होडी आहे. होडी पलीकडे लागेपर्यंत माझं बोलणं संपेल असा माझा अंदाज होता. चारच वाक्यं होती, आणि चारही पाठ होती. त्यातच ट्वायलाच्या आईला, म्हणजे मिसेस आर्डिथ बॉग्ज यांना, चर्चच्या सोडतीत बागेची तीन तिकिटं लागली. तिकिटं तीन म्हणून माणसं तीन झाली, आणि माणसं तीन म्हणून तुमची व्हॅन लागली, कारण माझ्या ट्रकमध्ये मिसेस बॉग्ज यांना चढवत नाही, आणि चढल्याच तर ट्वायलाला जागा उरत नाही.

आता मिसेस बॉग्ज यांच्याविषयी. बाई मनाने उदार आहेत. वादळात शेजाऱ्याचं छप्पर उडालं तेव्हा त्यांनी आपला फ्रीजर त्याला देऊन टाकला, तोही भरलेला. पण गाडी उभी करण्याचे पैसे त्या देत नाहीत. कोणालाच नाही, कुठेच नाही. त्यांचं म्हणणं असं की उभी गाडी काहीच करत नाही, आणि काहीच न करण्याचे पैसे शहाण्या माणसाने मोजू नयेत. मिस्टर बॉग्ज शेवटच्या आजारात इस्पितळात होते तेव्हाही त्या समोरच्या दुकानाच्या आवारात गाडी लावत, आणि दुकानदाराने हटकू नये म्हणून रोज एक पाव विकत घेत. (मिस्टर बॉग्ज बरेच दिवस आजारी होते. त्या घरात पावाचं पुडिंग आजही कोणी खात नाही.)

पेलिकन बेच्या नाक्यावर गाडी लावायचे पस्तीस डॉलर घेतात. मिसेस बॉग्ज यांच्या लग्नाच्या वर्षी तिथे एक डॉलर होता, म्हणून त्यांनी मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावरून एक डॉलर पुढे केला.

"पस्तीस, मॅम," नाक्यावरची मुलगी म्हणाली.

"अगं बाळ, मी जमीन विकत घेत नाहीये. संध्याकाळी गाडी घेऊन जाणार आहे."

"तरी पस्तीसच, मॅम."

"आणि आत जाऊन नुसती गोल गोल फिरवत राहिलो तर?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी गाडी न थांबवता चालवत ठेवण्याच्या शक्यतेचा विचार करत होतो. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, तेव्हा तिने हात करून डावीकडचा रस्ता दाखवला. पैसे न देणाऱ्यांना परत पाठवायला तो वेगळाच केलेला आहे, आणि आम्ही वळलो तेव्हा त्यावरही रांग होती.

पुढची युक्ती इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बागेच्या हॉटेलात जेवायला टेबल राखून ठेवायचं. हॉटेलच्या फाटकावर पहारेकरी 'कशासाठी आलात' विचारतो, आपण 'न्याहारीला' म्हणायचं, तो तीन तासांचा कागद देतो आणि दांडा वर करतो. मग गाडी तिथेच ठेवून होडीने बागेत. मिसेस बॉग्ज यांनी टेबल आदल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं. डॉलर पुढे केला तो केवळ तत्त्वासाठी. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. टेबल राखून जेवायला गेलं नाही तर हॉटेल माणशी दंड लावतं, आणि तो ज्याच्या कार्डाचा नंबर दिला असेल त्याला पडतो. नंबर माझा होता. तेव्हा आम्ही जेवलो. पेलिकनच्या आकाराचे पॅनकेक होते, आणि पेलिकनचा पोशाख घातलेला एक माणूस टेबलाटेबलाशी येऊन मान हलवत होता. बिल नाक्याच्या तिपटीहून जास्त आलं. हे मी हळूच मिसेस बॉग्ज यांच्या कानावर घातलं.

"ते जेवण आहे, पोरा," त्या म्हणाल्या. "जेवणाचे पैसे द्यायला मी कधी नाही म्हटलंय का?"

(पैसे मी दिले होते. पण त्यांचा मुद्दा तो नव्हता.)

होडीची रांग लांब होती. आम्ही पुढे सरकेपर्यंत कागदाची मुदत संपत आली. फाटकावर पाटी आहे की मुदत संपलेल्या गाड्या उचलून नेल्या जातील, आणि छापलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसतो हे तुम्ही जाणताच. होडी लागली, माणसाने दोर सोडला, ट्वायलाने एक पाय फळीवर ठेवला, आणि मी म्हणालो की आधी गाडी हलवू या. तिने पाय मागे घेतला. व्हॅनपर्यंत चालत आल्यावर म्हणाली, "ओरिन, होडी आली होती."

मी म्हणालो, "पाहिली मी."

दुसऱ्या हॉटेलात आम्ही पुन्हा जेवलो. यावेळी कोळंबी आणि मक्याची लापशी होती. तिथेही पेलिकन आला. (मिसेस बॉग्ज यांच्या मते तो तोच माणूस होता आणि होडीने आमच्या पुढे आला होता. मला तसं वाटत नाही, पण तो गेला असेल तर आमच्यापैकी होडीत बसलेला तो एकटाच.) ट्वायलाने काही खाल्लं नाही. ती खिडकीतून तळ्याकडे बघत होती, आणि मी चार वाक्यं मनातल्या मनात म्हणून पाहत होतो. तिसरं सापडत नव्हतं. जेवण आटोपून धक्क्यावर गेलो तर ढग गडगडायला लागले होते. गडगडाट झाला की होडी बंद ठेवतात. आम्ही छपराखाली बसून राहिलो. पाऊस पडला, थांबला, ढग मात्र गुरगुरत राहिले, आणि दुसऱ्या कागदाचीही मुदत भरली.

तिसऱ्या हॉटेलात एकही टेबल शिल्लक नव्हतं. हे फाटकाशी पोचल्यावर कळलं. पहारेकरी म्हातारा आणि सभ्य होता. त्याने खिडकीशी वाकून विचारलं, "जेवायला, राहायला, की समारंभाला?" मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण आधी तयारी लागते.

"समारंभाला," मागून मिसेस बॉग्ज म्हणाल्या. "या दोघांचं लग्न आहे. जागा बघायला आलोय."

पहारेकऱ्याने टोपीला हात लावून आमचं अभिनंदन केलं. दिवसभराचा कागद दिला, आत फोन करून आम्ही येत असल्याचं कळवलं, आणि दांडा वर केला. मी आरशात ट्वायलाकडे पाहिलं. ती माझ्या शेजारीच बसली होती, तेव्हा आरशाची गरज नव्हती, पण तिच्याकडे थेट पाहण्याचा धीर झाला नाही. आरशात मिसेस बॉग्ज दिसल्या. त्या समाधानी होत्या.

"आई," ट्वायला म्हणाली, "हे तू पार्किंगसाठी बोललीस?"

"मग कशासाठी बोलायचं? तो तर बोलत नाही."

आत दारापाशीच मिस कोरीन व्हेल नावाच्या बाई आमची वाट पाहत उभ्या होत्या. लग्नाचं काम त्यांच्याकडे असतं. त्यांनी आम्हाला पाण्याकडे तोंड असलेल्या खोलीत बसवलं आणि चवीसाठी पाच प्रकारचे केक आणले. (पोटात जागा नव्हती. तरी मी प्रत्येकाचा घास घेतला, कारण त्या लिहून घेत होत्या.) मग त्यांनी ट्वायलाला हसून विचारलं की यांनी तुम्हाला विचारलं कसं, ते ऐकायला मला फार आवडतं.

"अजून विचारलं नाही," ट्वायला म्हणाली. "दोन वर्षं वाट बघतेय. आज सकाळी निळा ड्रेस घालून निघाले, म्हटलं आज विचारेल. पण त्याला आधी गाडी लावायची होती."

मिस व्हेल यांनी पेन खाली ठेवलं. मिसेस बॉग्ज लिंबाचा केक खायच्या थांबल्या. सोमवारी ट्वायला जाणार होती, आणि ती ज्या आवाजात बोलली त्यावरून परत येण्याचं तिला काही कारण उरलं नव्हतं. मला चारपैकी एकही वाक्य आठवेना.

"गाडी लागली आता," मी म्हणालो.

तिने केकची बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "मग विचार."

मी विचारलं. कसं विचारलं ते लिहीत नाही; त्यात पाठ केलेलं काही नव्हतं आणि व्याकरणही धड नव्हतं. ती हो म्हणाली. पण चॅटनूगाला यावं लागेल, म्हणाली, तिकडेही गाड्यांना चाकं असतात. मिसेस बॉग्ज यांनी डोळे पुसले आणि मिस व्हेल यांना पहिला प्रश्न विचारला की लग्नाला येणाऱ्यांच्या गाड्यांचे किती घेता. काही नाही, त्या म्हणाल्या, पाहुण्यांना सगळं मोफत. किती गाड्यांना? कितीही. 'मग इथेच,' मिसेस बॉग्ज म्हणाल्या, आणि एप्रिलमधला एक शनिवार त्यांनी राखून ठेवला. अशा रीतीने लग्न ठरलं. बाग आम्ही पाहिली नाही. ट्वायला सोमवारी गेली, सुखरूप पोचली, आणि तिकडच्या दोन टायरवाल्यांचे पत्ते तिने पाठवले आहेत.

माझ्या बाजूने तुम्ही आणि मामी एवढेच आहात, तेव्हा यायचंच. तुमच्या गुडघ्याला जपा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
ओरिन

ता. क. फाटकावर मिळालेला कागद पुढच्या काचेच्या आत, दिसेल असा ठेवायचा असतो. तिसऱ्या वेळचा दिवसभराचा होता, हरवला तर पंचाईत, म्हणून मी तो नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. आत असताना पुन्हा एक सर येऊन गेली होती, आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा ओल्या डांबरावर तुमच्या व्हॅनच्या लांबीरुंदीचा कमी ओला चौकोन तेवढा होता. परत आम्ही मिसेस बॉग्ज यांच्या चुलतभावाच्या पिकअपमधून आलो. व्हॅनला ओरखडाही नाही. मी कुंपणाबाहेरून तीन बाजूंनी पाहिली.

ता. क. चौथी बाजू पाहायला आत जावं लागतं, आणि उचललेल्या गाड्यांच्या त्या आवारात फक्त ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच सोडतात, परवाना दाखवून, स्वतः हजर राहून. म्हणजे तुम्हाला. उचलून नेण्याचे पैसे एकदाच द्यायचे आहेत. त्यांचं काही नाही. पण गाडी आवारात उभी राहते त्याचेही ते रोजचे घेतात, आणि हे मिसेस बॉग्ज यांना कळलं आहे. त्यांनी मला सांगितलं की ज्या जावयाने उभ्या गाडीचे पैसे मोजले त्याच्या लग्नात मी पाऊल ठेवणार नाही. ट्वायलाला फोन केला तर ती म्हणते, आई नसेल तर मीही नाही, तुम्ही दोघं मिटवा. तेव्हा मामा, कृपा करून लवकरात लवकर बसने या. पैसे पाकिटात घालून ठेवले आहेत, ते तुम्ही तुमच्या हाताने द्या, आणि मिसेस बॉग्ज यांना सांगा की आवाराच्या मालकाशी तुमची जुनी ओळख निघाली आणि त्याने व्हॅन तशीच सोडली. एवढं केलंत तर लग्न होईल. हे आपल्या दोघांतच राहू द्या.

ता. क. मामी, मामांचं सगळं टपाल तुम्हीच जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचता हे मला आत्ता आठवलं, आणि पुन्हा लिहायला कागद उरलेला नाही. लग्नाच्या जेवणाविषयी बोलायला मिसेस बॉग्ज तुम्हाला या आठवड्यात फोन करणार आहेत. बाई प्रेमळ आहेत, पण बोलता बोलता सगळं काढून घेतात. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. म्हणून मामा इकडून परत येईपर्यंत फोन वाजला तर उचलू नका.