ग्रांवालची खालची पट्टी

ग्रांवाल, २२ एप्रिल १९८७

चि. सिल्व्हेन हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आधी उंच पोरगा आला. म्हणजे खरं तर आधी त्याचं वाद्यच आलं. मोटारीच्या खिडकीतून पुरुषभर लांब मान बाहेर काढलेली आणि टोकाला लाल फडकं, लाकडाच्या गाडीला बांधतात तसं. शेजारची मार्त ओरडतच आली, चर्चच्या छपराचं शिसं चोरायला कोणी शिडी घेऊन आलंय म्हणून. मी हातातला बटाटा टाकला, चर्चची किल्ली घेतली आणि धावले.

तोवर मागच्या गाडीतून चौघं उतरलेली. पॅरिसची मंडळी. तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत तेव्हाच्याच वाद्यांवर वाजवतात, त्याला बरोक म्हणायचं म्हणे. तारासुद्धा लोखंडी नाहीत, मेंढीच्या आतड्याची तात. मार्त म्हणाली, आपण त्यात सॉसेज भरतो, ह्यांनी गाणं भरलं.

त्यांच्या म्होरक्या ओदीलबाई. त्यांना चर्चमधला आपला जुना नळ्यांचा ऑर्गन बघायचा होता. मी कौतुकानं सांगितलं की वेळेवर आलात, अकरा मेला कारागीर येऊन नळ्या कापणार नि सूर चढवणार. माझ्या नातीचा नवरदेव लग्नात ट्रम्पेट वाजवणार आहे आणि आमचा ऑर्गन पडला एक सूर खाली बसलेला. ओदीलबाई मटकन बाकावर बसल्या. मी पाणी आणलं.

त्या म्हणाल्या की तो बसलेला बिसलेला नाही, तेव्हा फ्रान्सात पट्टीच ही होती. बाकीच्या गावांनी नळ्या कापून घेतल्या, तुमच्या कशा राहिल्या, असं विचारलं. मी म्हटलं, चिक्कूपणानं.

मग त्यांनी आपल्या तारा सैल करून ऑर्गनला मिळवल्या आणि वाजवलं. माझं शिक्षण तीन यत्ता, मला काय सांगता येणार? पण कुठे खडा लागला नाही. आपल्या गायकमंडळाला बाहेरगावचे तळघरातली मंडळी म्हणून हिणवतात ना, ह्याच ऑर्गनवर शिकल्यामुळे? तुझे आजोबा जन्मभर त्यात गायले नि जन्मभर खजील झाले. ओदीलबाई म्हणाल्या, तुमचं मंडळ सुरातच होतं. मी तशीच कबरीवर जाऊन त्यांना सांगून आले.

आता पंचाईत अशी. कापाकापीसाठी माझा भाचा फेर्नां ह्याच्या मागे मीच लागले होते, तो मेयर झाला त्या दिवसापासून. तो म्हणतो, आत्या, तूच लावलंस, तूच थांबव; पण लग्न सिल्व्हेनचं, आधी तिला विचार. तर विचारते. कापायचं की ठेवायचं?

तुझ्या नवरदेवाला, रेमीला, पोटभर जेवू घालत जा. जीव तुझ्याकडेच असतो, ठाऊक आहे ना?
आजी लेओन्तीन

बझांसों, २७ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. गावातल्या जोसियानच्या लग्नात त्याच चर्चमध्ये ट्रम्पेट नि ऑर्गन एकत्र वाजले, तेव्हा एका दावणीला दोन गाढवं ओरडल्यासारखं झालं, विसरलीस? सगळं चर्च रुमालात तोंड खुपसून हसलं. पहिली तू हसलीस. तिथे वाजवत होता तो रेमीच. त्यानंतर तो कुठल्याही चर्चमध्ये वाजवायला गेलेला नाही. आमच्या लग्नात वाजव म्हणून मी त्याच्या किती मिनतवाऱ्या केल्या ते माझं मला माहीत. लोक पुन्हा त्याला हसले तर मी वेदीपासून मागे फिरेन.

पाहुणे येतात नि जातात. नळ्या कापायच्या.

हे त्याला वाचून दाखवलं. त्यानं फक्त विचारलं की कापलेली नळी पुन्हा जोडता येते का. मी म्हटलं, ते आजीला विचार. रविवारी मासे धरायला जातोय म्हणे. जाऊ दे, डोकं शांत होईल.

रागावली असलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी सिल्व्हेन

ग्रांवाल, ४ मे

चि. सिल्व्हेन हिला अ. उ. आ.

मासे मिळाले का, असं रेमीला विचारू नकोस. तो काल इथे होता. सांगायचं नव्हतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

गुरुवारी त्यानं मला फोन केला, मी ओदीलबाईंना केला. कापलेल्या नळीला तुकडा जोडता येतो, पण पहिला आवाज परत येत नाही म्हणाल्या. ट्रम्पेटचं, म्हणजे त्यांच्या जुन्या तुतारीचं, मात्र सोपं. तिला नळीचा तुकडा जास्तीचा लावला की ती आपणहून खाली येते. म्हणजे टोपी बसेना म्हणून आम्ही डोकं तासायला निघालो होतो!

काल त्या आपला तुतारीवाला घेऊन आल्या. बारीक मिशीचा. तुतारी चांगली दोन हात लांब आणि एक बटण नाही, सगळे सूर ओठांनी काढायचे. ती त्यानं रेमीच्या हातात दिली. रेमीचा पहिला सूर ऐकून मार्तची कोंबडी खुराड्यात शिरली. मी हसले नाही, शपथ. मार्त हसली, तिला चिमटा काढला. संध्याकाळपर्यंत त्यानं पाच सूर धरले. ऑर्गनवर ते असे जाऊन बसले, जशी कढईवर तिचीच झाकणी. मिशीवाला म्हणाला, वरातीला पाच पुरेत. रेमीचे कान जोसियानच्या लग्नातल्यासारखे लाल झाले, पण ह्या खेपेला तोच हसत होता.

तुतारी त्यांनी रेमीला सरावाला दिलीय, त्याच्या पलंगाखाली आहे. मात्र शब्द तुझा. कारागीर सोमवारी येतोय, त्याआधी कळव.

म्हातारीवर लोभ ठेव, कापायचं ठरो की ठेवायचं.
आजी

बझांसों, ७ मे

ती. आजीस सा. न.

मासे किती मिळाले, हे मी विचारलंच. पाच, म्हणाला, नि ओठ हे एवढे सुजलेले! मग वाजवून दाखवायला लावलं. चौथा सूर घसरतो. पण मी लग्न रेमीशी करतेय, चौथ्या सुराशी नाही.

कापू नका. अट एकच. कोणी हसलं, तर सगळ्यात आधी तू चर्चबाहेर जायचं.

तुझीच, अजून थोडी रुसलेली,
सिल्व्हेन

ग्रांवाल, १२ मे

चि. सिल्व्हेन हिला अ. आ.

अट कबूल. कारागीर काल आला, करवत पेटीतच राहिली म्हणून जरा फुगला. मोठ्या नळीतून उंदराचं घरटं काढलं, धूळ झाडली, दोन वाट्या सूप प्याला नि गेला. गायकमंडळात तळघरवाले म्हणून आता आपलीच माणसं एकमेकांना हाका मारतात, मान वर करून.

लग्नात ओदीलबाईंची सगळी मंडळी वाजवणार. चौथा सूर मी वेदीमागून हळूच भरून काढतो, असं मिशीवाला म्हणाला होता. रेमीनं नको म्हणून कळवलंय. घसरला तर माझाच घसरू दे, म्हणाला. मला पोरगा आवडला.

दोघांनाही माझी माया, सारखी वाटून घ्या.
आजी

ता. क. मंडळी माझ्याकडेच उतरणार, गाद्या उन्हात घातल्यात. ऑर्गनशी एकदा नीट मिळवून घ्यायचं म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी १२ जूनला, संध्याकाळच्या घंटेआधी येतो असं ओदीलबाईंनी कबूल केलंय.