जमादार, लेव्हल एक

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. ट्रेनिंगला आलेल्या मॅडम म्हणाल्या होत्या, ताण आला की लिहून काढा. मला ताण नाही. तरी लिहितो.

शालूचा मेसेज आला. आमची एकुलती एक. पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तीस तारखेला कॅनडाला चालली, तीन वर्षांसाठी. मी लिहिलं, जाण्याआधी घरी ये, आईच्या हातचं खाऊन जा. तिचं उत्तर आलं की मी बनवलेला गेम बाहेर आलाय, आधी तो पूर्ण खेळा पप्पा, मंग बोलू.

दोन वर्षं झाली, शालू या घरात जेवली नाही. त्या दिवाळीला ताटावर बसल्या बसल्या तिनं विचारलं, ही भाजी कुठून आली. मी म्हणालो, बाजारातून, अजून कुठून येणार. ती ताटावरून उठली आणि रात्रीच्या ऐवजी दुपारच्याच गाडीनं गेली. पोरींना कशाचा राग येईल सांगता येत नाही.

संकल्प : गेम दोन दिवसांत संपवणे. एकोणतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, दंगली पाहिल्या. मोबाइलवरचा खेळ तो काय.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी.

गेमचं नाव ‘जमादार’. वाचून ऊर भरून आला. मी हेड कॉन्स्टेबल, पण आमच्या हद्दीत लहानथोर सगळे मला जमादारच म्हणतात. पोरीनं बापाच्या नावानं गेम काढला.

पण खेळताना आपण जमादार नसतो. आपण भाजीवाली म्हातारी असतो. डोक्यावर भाजीची पाटी. ती बाजाराच्या फाटकातून आत आपल्या जागेवर नेऊन ठेवायची, संपला गेम. फाटकात जमादार गाडी आडवी लावून उभा. तो व्हिलन. पोट सुटलेलं, गाडीवरून उतरायचा आळस. बघताक्षणी ओळखलं, हा मच्छिंद्र. मच्छिंद्र माझ्याच ठाण्यात आहे, बाजार बंदोबस्ताला आम्ही जोडीनं असतो. शालूनं त्याला आमच्याकडच्या सत्यनारायणाला एकदाच पाहिलंय, पण पोट बराबर काढलं.

गेममधल्या जमादारानं मेथी मागितली. दिली. वांगी मागितली. दिली. मिरच्या मागितल्या, दिल्या. पडद्यावर पाटी लागली : आज विकायला काही उरलं नाही. पुन्हा खेळा.

अकरा वेळा तेच. देण्याचा क्रम चुकत असणार. उद्या आधी मिरच्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

आधी मिरच्या दिल्या. हरलो. मागायच्या आत दिलं, हरलो. खूश होईल म्हणून डबल दिलं, लवकर हरलो.

दैवशाला मागून बघत होती. म्हणाली, अहो, देऊच नका की. बायको धावडा गावची, खेड्यातली, साधी आहे. कायदा आणि सुव्यवस्था तिला काय कळणार. न देता बाजारात बसायचं कसं?

६ नोव्हेंबर, गुरुवार. बाजाराचा दिवस.

बंदोबस्तात मच्छिंद्रला गेम दाखवला. म्हटलं बघ, कुणीतरी तुला काढलंय. त्यानं बराच वेळ पाहिलं. म्हणाला, धर्मराजभाऊ, माझ्याकडं बुलेट कुठंय?

नीट बघितलं. जमादाराची गाडी बुलेट आहे. माझीही बुलेट आहे. पण जिल्ह्यात बुलेट हजारोंनी आहेत. हा पुरावा होत नाही.

गेममधला जमादार गाडीवर बसून कच्ची भेंडी मोडून खातो. हे दिसलं तेव्हा मच्छिंद्र माझ्या हाताकडे बघत होता. माझ्या हातात भेंडी होती. भेंडी कोवळी आहे की जून, हे कुणीतरी तपासायला पाहिजे. पब्लिकच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार.

माझं काही चुकत नाही, गेमच चुकीचा आहे, हे आज लक्षात आलं. त्यातला जमादार तोंडानं मागतो. मी एकोणतीस वर्षांत एकदाही तोंडानं मागितलेलं नाही. मागणारा माणूस वेगळा. मला लोक प्रेमानं देतात.

शालूला सविस्तर लिहिलं. जमादारानं बोलायचं नाही. फक्त गाडी उभी करायची आणि इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे समोरच्याला घाई होते. पिशवी हातात धरायची नाही, डाव्या हँडलला लावायची, तोंड उघडं ठेवून. भाजी पडत असताना दुसरीकडे बघायचं, झाडाकडे वगैरे. कोथिंबीर शेवटी येते, ती वरून. भाजीवालीशी बोलायचं असेल तर लेकराबाळांची चौकशी करायची. वजन करू द्यायचं नाही, त्यात तिचा वेळ जातो.

एका मिनिटात उत्तर. दोन वर्षांत एवढ्या जल्दी कधी आलं नव्हतं. थँक यू पप्पा, फार उपयोगी आहे, अजून सांगा. मी अजून तीन पानं पाठवली. असा चांगला दिवस बऱ्याच दिवसांत नव्हता. बापलेकीचं पुन्हा जमतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

गेमचं नवं अपडेट आलं. माझी एकूण एक सूचना घेतली आहे. जमादार गप्प, इंजिन चालू, पिशवी डाव्या हँडलला. शेवटी नावं येतात, त्यात ठळक अक्षरांत : विशेष मार्गदर्शन, श्री. धर्मराज.

सगळ्या ठाण्याला दाखवलं. जो तो आपापल्या कामाला लागला. मोठ्या साहेबांनी आत बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं आणि म्हणाले, ते नाव काढता येत असेल तर काढून घ्या. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

घरी येऊन खेळलो. आता जमादार काहीच मागत नाही. नुसता उभा राहतो आणि लिंबाच्या झाडाकडे बघतो. तरी माझा अंगठा आपोआप पिशवीवर गेला. आज विकायला काही उरलं नाही.

पंधरा दिवस राहिले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

एकशे चाळीस वेळा झालं असेल. ड्यूटीवर, जेवताना, बाथरूममध्ये. हात जोडायचं बटण शोधलं, नाही. साहेबांच्या ओळखीचं बटण नाही. बसायचं एक बटण आहे, ते म्हातारीला दमल्यावर लागत असेल.

शेवटी शालूला फोन केला. म्हटलं, पहिली लेव्हल पार होईना, बाकीच्या कधी खेळू. ती म्हणाली, पप्पा, लेव्हल एकच आहे.

भीती वाटते. पोरगी अशीच निघून जाईल आणि मी फाटकातच राहीन.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

आज ठरवलं, जाणकाराला विचारायचं. झुंबरबाई फाटकाजवळ बसते, मी या ठाण्यात आलो त्याच्या आधीपासून. तिच्या हातात मोबाइल दिला. ती घाबरली, म्हणाली, माझ्यावर काय केस झाली का साहेब. समजावून सांगितलं. पदराला हात पुसून तिनं घेतला.

गेममधली म्हातारी फाटकात आली. झुंबरबाईनं पाटी उतरवली, बुलेटच्या पुढच्या चाकासमोर ठेवली आणि बसायचं बटण दाबलं. म्हातारी तिथंच बसली. काही दिलं नाही, काही बोलली नाही. जमादारानं हॉर्न वाजवला. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली, मंग तिसरी. सगळा बाजार येऊन बसला. हॉर्न वाजून वाजून बुलेटची बॅटरी उतरली.

मंग बुलेटच्या टाकीवरून एक फ्रॉकमधली पोरगी उतरली. ती तिथं होती हे मला इतके दिवस दिसलं नव्हतं. तिनं हँडलची पिशवी काढली आणि म्हातारीच्या पाटीत रिकामी केली. पडद्यावर पाटी लागली : बाजार भरला.

दोन मिनिटंसुद्धा नाही लागली. तिला विचारलं, तुला कसं कळलं. म्हणाली, मनात लई बार बसले साहेब, खरं बसायची हिंमत न्हाई झाली. मंग विचारलं, ही तुमची शालू न्हं? टाकीवर बसून येत व्हती, दोन्ही हातानं पिशवी धरून. लई गुणाची पोर.

मला रडू आलं. तिच्यासमोर मिरच्यांचा ढीग होता, त्याची धांस लागली.

संध्याकाळी ६. शालूला फोन केला. सांगितलं, मी गेम पूर्ण केला. दुपारीच कळलं म्हणाली, कुणी गेम पूर्ण केला की तिच्या कॉम्प्युटरवर दिसतं. अठ्ठावीसला येते, दोन तास. विचारलं, जेवशील ना. म्हणाली, विकत आणलेलं असेल तर.

एवढंच? आधीच सांगायचं होतं. पुढच्या गुरुवारी बाजार आहे, रोख घेऊन टाकतो. संकल्प संपला म्हणून समजा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १.

सकाळी साडेआठला बाजारात गेलो. मेथी, वांगी, गवार. झुंबरबाईनं सवयीनं पिशवी भरली. मी खिशातून पाचशेची नोट काढून पुढं केली. ती मागं सरकली. म्हणाली, काय चुकलं आमचं साहेब. म्हटलं, चुकलं नाही, पैसे घे. तिनं नोटेला बोट लावलं नाही. शेजारच्या कारभारीला बोलावलं, तोही भाजीवाला. तो लांबूनच नोट न्याहाळून म्हणाला, मावशे, हात लावू नको, पावडर लावलेली असती, लाचलुचपतवाले आसपास असतील. म्हटलं, अरे, पावडर लाच घेणाऱ्यासाठी असते. तो म्हणाला, मंग तुम्ही कशाला धरली साहेब?

मी आवाज चढवला. पैसे घ्या म्हणून ओरडलो. चूक झाली. सगळ्यांना वाटलं, आजवरचं कमी पडलं म्हणून जमादार चिडलेत. कारभारीनं दुसरी पिशवी भरली. पलीकडच्यानं फ्लॉवरचे गड्डे आणून ठेवले. एकानं कोंबडी आणली, ती मात्र परत केली. एकोणतीस वर्षांत आज सगळ्यात जास्त भाजी मिळाली.

शेवटी नोट झुंबरबाईच्या तराजूखाली सारली आणि बुलेट पळवली. म्हणजे पैसे दिले. कायद्यानं व्यवहार पूर्ण.

संध्याकाळी ५.

मच्छिंद्र घरी येऊन नोट देऊन गेला. झुंबरबाईनं कागदात बांधून पाठवली आहे, सोबत लसणाची एक गड्डी.

दैवशालाला मस्तगड भागातल्या कोपऱ्यावर पाठवलं, भाजीच्या हातगाडीवाल्याकडून पाव किलो तरी विकत आण म्हणून. तो म्हणाला, वहिनी, जमादारांच्या घरून पैसे घेऊ का मी? टोमॅटो देऊन परत पाठवली.

तालुक्यात कुणी माझे पैसे घेईना. फ्रिजचं दार लागत नाही एवढी भाजी झाली आहे. शालू उद्या अकराला येईल. काय करू? दैवशाला म्हणते, खरं सांगून टाका. मी म्हणतो, प्रयत्न केला ते खरंच आहे, तेवढा भाग सांगू.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५.

शालू आली. बारीक झाली आहे. आईच्या गळ्यात पडली, मला वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, चल, आधी जेवून घे, सगळं विकत आणलंय.

ताटं वाढली. मेथीची भाजी, भरली वांगी, भाकरी, लसणाची चटणी. ती ताटासमोर बसली. मेथीकडे बघत सहज विचारलं, पप्पा, काय भाव मिळाली?

मला सांगता आलं नाही. एकोणतीस वर्षं बाजार बंदोबस्त. मेथीची जुडी काय भाव जाते ते मला माहीत नाही. म्हटलं, भाव ना, बराबर होता. मंग म्हटलं, पन्नास. मंग म्हटलं, किलोनं घेतली. दैवशाला भिंतीकडे बघत बसली.

शालू चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं ताट हळूच बाजूला सारलं, बॅगेतून डबा काढला. पहाटे उठून तिघांचं करून आणलं होतं. म्हणजे तिला आधीच माहीत होतं. तिनं मला वाढलं, आईला वाढलं, स्वतः घेतलं. तिघं खाली बसून जेवलो. दोन वर्षांनी शालू या घरात जेवली, हे खरं आहे.

जाताना तिला बसस्टँडवर सोडलं. बुलेटवर नको म्हणाली, रिक्षानं गेलो. तिकडे थंडीत जप, फोन करत जा, एवढंच बोलता आलं. गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी गेलो. तिच्या डब्यातही मेथीच होती, म्हणून विचारलं, ती काय भाव मिळाली. पंचवीस रुपये जुडी, ती म्हणाली.

लिहून ठेवतो. मेथी, पुणे, पंचवीस.

आपल्याकडे काय भाव आहे ते येत्या गुरुवारी विचारायचं होतं. पण मी विचारलं की ते पिशवी भरतील.