नाताळच्या गाडीत करंजीला जागा मिळण्याबाबत

प्रति,
श्रीमती कॅरल तुस्कानो,
अध्यक्ष, नाताळ समिती,
मराठी शेजार मंडळ, शारजा.

विषय: पार्टी हॉलमधील खेळण्यातली रेल्वे सर्वांच्या फराळासाठी खुली करण्याबाबत.
संदर्भ: (१) युरोपीय संघाचा रेल्वेविषयक निर्देश २०१२/३४. (२) आपले यजमान श्री. लॉयड यांच्याशी लिफ्टमध्ये झालेले बोलणे.

महोदया,

सविनय कळवितो की, आपल्या टॉवरच्या पार्टी हॉलमध्ये दर नाताळात श्री. लॉयड येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याभोवती रूळ मांडून विजेवरची आगगाडी चालवतात. पाहुण्यांनी गोल बसायचे, गाडी समोर थांबली की डब्यातला पदार्थ उचलायचा, जागचे उठायचे नाही, अशी रीत आहे. रीत उत्तम आहे. अडचण इतकीच की डब्यांत फक्त आपल्या घरच्या, सारण भरलेल्या नेवऱ्या असतात.

माझी पत्नी सौ. प्रमिला हिच्या करंज्यांचा डबा गेल्या नाताळात पाण्याच्या बाटल्यांशेजारी ठेवण्यात आला. गाडी तिकडे जात नाही, त्यामुळे माणसेही गेली नाहीत. डबा भरलेला परत आला. यंदा "तुम्ही जाऊन या, माझं त्या दिवशी डोकं दुखणार आहे," असे तिने आतापासूनच कळवले आहे.

याबाबत श्री. लॉयड यांना विचारता ते म्हणाले, "हबीबी, रूळ माझे, गाडी माझी, नेवऱ्या बायकोच्या. खलास!" नेवऱ्या वगळता हीच भूमिका युरोपातल्या सरकारी रेल्वे कंपन्या वर्षानुवर्षे घेत होत्या. मी हमरिया फ्री झोनमधून युरोपला रुळांखालचे रबरी पॅड पाठवणाऱ्या कंपनीत असल्याने तिथले कायदे मला नोकरीपोटी वाचावे लागतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे:

१. रूळ सांभाळणाऱ्याने सर्वांना समान अटींवर वाट द्यावी. घरच्या गाडीला झुकते माप देऊ नये.

२. रूळ आणि गाडी एकाच घरात असली तरी चालते, मात्र कारभारात मध्ये भिंत हवी. आपण व श्री. लॉयड यांनी वेगळे राहावे, अशी माझी मागणी नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

३. तक्रार ऐकणारा नियामक स्वतंत्र असावा. इथे आपल्याच नेवऱ्यांविरुद्धची तक्रार आपल्याकडेच करावी लागत आहे. नियामक म्हणून सिक्युरिटीतले श्री. अक्रम यांचे नाव सुचवतो. त्यांची संमती घेतली आहे. "पहले दोनों भेजो, फिर बोलूंगा," असे ते म्हणाले. याहून निःपक्षपाती भूमिका ब्रुसेल्समध्येही सापडणार नाही.

४. एका देशाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालावी म्हणून तिथे मापे जुळवता जुळवता लोक निवृत्त झाले. इथे ते काम झालेलेच आहे. नेवरी व करंजी शेजारी ठेवून मी पट्टीने मोजली. माझी कन्या आभा हिला कुठली कोणती ते ओळखता आले नाही. ती म्हणाली, "पपा, इट्स अ टॉय ट्रेन. जस्ट टॉक टू कॅरल आंटी." नव्या पिढीला रीतसर मार्ग ठाऊक नाहीत.

आणखी एक बाब. गोठ्यामागचे वळणाचे दोन रूळ आभाच्या लहानपणीच्या संचातले, म्हणजे आमचे आहेत. ते काढून घेतल्यास गाडी सरळ मेंढपाळांत शिरेल. तसे मी करणार नाही, कारण प्रमिलाने बजावले आहे, "कॅरलच्या गोठ्याला हात लावाल तर बघा!"

तरी मार्ग पूर्ण खुला करणे जमत नसल्यास शेवटचा डबा करंज्यांना द्यावा. तेही कठीण असल्यास एकच फेरी द्यावी, आणि गाडी सुटताना "यल्ला, प्रमिलाच्या करंज्या आल्या!" असे आपण स्वतः म्हणावे. मग डोके दुखणार नाही, अशी माझी खात्रीलायक माहिती आहे.

आपल्या निर्णयाच्या, व जमल्यास एखाद्या नेवरीच्या प्रतीक्षेत,

आपला नम्र,
दत्तप्रसाद सामंत
१२ डिसेंबर २०२५

सोबत:
(१) निर्देशाची प्रत. न वाचल्यास चालेल.
(२) करंज्या, तपासणीसाठी. डबा गेल्या वर्षीचाच आहे. कृपया रिकामा परत करावा.