आमेन परत घेतो

पप्पा,

गेल्या रविवारी सकाळच्या उपासनेत मी माझ्याच विरोधातल्या प्रार्थनेला आमेन म्हणालो, आणि त्या एका शब्दाने माझं सगळं उलटंपालटं झालं. पाळकसाहेब प्रार्थना करत होते. आजाऱ्यांसाठी झाली, परीक्षेला बसलेल्यांसाठी झाली, मुंबईला नोकरीत असलेल्यांसाठी झाली. मी डोळे मिटून अर्धवट ऐकत होतो, कारण पेटीवर त्यांची मुलगी बसली होती आणि डोळे मिटले की ती मला जास्त नीट दिसते. तुम्हीही कधीतरी तेवीस वर्षांचे होतात, तेव्हा रागावू नका. मग पाळकसाहेबांचा आवाज जरा खाली आला. "आणि प्रभू, आमच्यातला एक तरुण या जगाच्या राजकारणाच्या मोहात सापडला आहे, त्याला मागे फिरव." आणि सगळ्या मंडळीबरोबर माझ्याही तोंडातून, लहानपणीच्या रविवारच्या शब्बाथशाळेपासूनच्या सवयीने, चांगलं खणखणीत आमेन गेलं. पुढच्या बाकावरचे दोघे वळून माझ्याकडे बघायला लागले तेव्हा डोक्यात उजेड पडला, की तो तरुण मीच. मी उभा राहिलो. तुम्ही असतात तर शर्ट धरून खाली बसवलं असतं. मी म्हणालो, "पाळकसाहेब, मी माझं आमेन परत घेतो." मम्मीने कपाळावर हात मारला. पाळकसाहेब अगदी शांतपणे म्हणाले, "बाळा, आमेन परत घेता येत नाही." "मग अर्जही येत नाही," मी म्हणालो आणि खाली बसलो. पुढचं गीत तिने भलत्याच वरच्या पट्टीत धरलं आणि अख्खी मंडळी किंचाळत देवाची स्तुती करायला लागली.

अर्ज नगरपरिषदेच्या निवडणुकीचा. मी आपल्या वॉर्डातून अपक्ष उभा आहे. आज अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी संपते. पाळकसाहेबांनी मला पाळकगृहात बोलावून साफ सांगितलंय. अर्ज मागे घेतला तर मम्मीला घेऊन रीतसर मागणी घालायला यायचं, ते नाही म्हणणार नाहीत. नाही घेतला तर त्या घराची पायरी चढायची नाही. कॉलेज अर्धवट सोडलेल्या, वायरमनच्या हाताखाली पक्कड धरणाऱ्या पोराला एवढं मिळतंय हेच खूप, असं मंडळीतल्या सगळ्यांचं म्हणणं. माझंही परवापर्यंत तेच होतं.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. तुम्ही ते एकदा फळ्यावर करून दाखवलंय. मी चौथीत होतो, तुमच्याच शाळेत. शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक होती आणि मी स्वच्छतामंत्री व्हायला उभा होतो. फळ्यावर नावं लिहिलेली. तुम्ही वर्गात येता, डस्टर उचलता आणि सगळ्यांसमोर माझं एकट्याचं नाव पुसता. कारण सांगत नाही. पोरं मला आठवडाभर "पुसलेला मंत्री" म्हणत होती. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात हुंदके देतोय, मम्मी सूप घेऊन तांदूळ निवडतेय, आणि तुम्ही चहाचा कप घेऊन खाली बसून मला समजावताय. "आपण ख्रिस्ती. आपण देवाने आधीच निवडलेले. निवडलेल्या माणसाला निवडून यायची हाव कशाला?" मम्मी मान वर न करता म्हणाली, "माझ्या सुपातून तर निवडून खडेच बाहेर काढतात." तुम्ही हसलात. मला नाही हसू आलं. पण तो शब्द डोक्यात बसला तो बसलाच. निवडलेले. इतकी वर्षं मी तो खिशात घालून फिरलो, जणू कुणी बक्षीस दिलंय. आता वाटतं, पप्पा, कुणी कशासाठी निवडलं हे विचारायचं राहूनच गेलं. तांदूळ निवडतात ते शिजवायला. निवडून डब्यात ठेवून दिले तर त्यांना किडेच लागतात.

आणि गंमत बघा. निवडणूक तुमच्याइतकी कुणी जवळून पाहिली? मास्तर म्हणून दर वेळी तुमची ड्यूटी लागायची, कधी गुहागरकडे, कधी चिपळूणच्या वरच्या गावात. दोन दिवसांनी घरी यायचात तेव्हा बोटांची टोकं काळी झालेली असायची. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावणारा माणूस, आणि स्वतःच्या बोटावर मताची खूण कधी नाही. तुम्हाला टपालाने मत देता आलं असतं. कधी दिलं नाहीत. मम्मीने विचारलं तर म्हणायचात, "माझं काम व्यवस्था बघायचं, भाग घ्यायचं नाही." हे वाक्य मला तेव्हा फार थोर वाटायचं. आज नाही वाटत. आज वाटतं, लग्नात वाढप्याचं काम करून उपाशी घरी येणारा माणूस जेवणाला नावं ठेवतो, त्यातलं आहे हे.

मी उभा कसा राहिलो ते सांगतो, म्हणजे मोहबिह काय तो कळेल. आपल्या घराकडे चढत येणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्यांचे चिरे आता पार निखळलेत. एक पायरी आहे तर दुसरी नाही, शेवाळ तर विचारू नका, आणि दिवा एकही नाही. मी आपल्याच मीटरवरून वायर ओढून मधल्या वळणावर दिवा लावला. चार दिवस लोक दुवा देत होते. मग नगरपरिषदेतून माणूस आला आणि बेकायदेशीर म्हणून वायर कापून गेला. मी तणतणत ऑफिसात गेलो. टेबलावर हात आपटला, तो आपटायला नको होता, कारण काच तडकली. तिथला कारकून म्हणाला, "एवढी खुमखुमी आहे तर उभा राहा ना निवडणुकीला." म्हटलं, राहतो. त्याने हसून दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं. आमच्या राजकारणाचा आरंभ हा असा.

पाळकसाहेब म्हणाले, "तुला खुर्चीचा मोह पडलाय." पप्पा, मला खुर्ची म्हटलं की एकच खुर्ची दिसते. आपल्या पडवीतली ती पांढरी, प्लॅस्टिकची. तुमच्या छातीत कळ आली, रिक्षा खाली रस्त्यावर येऊन थांबली होती, आणि तुम्हाला त्या खुर्चीत बसवून चौघांनी पाखाडी उतरवली. मी पुढे बॅटरी धरून उलटा चालत होतो. पायरी आली की "पायरी" म्हणायचं, नसली की "नाही" म्हणायचं. "पायरी. नाही. नाही. पायरी." तुम्ही माझ्याकडे बघत होतात. किती हळू उतरत होतो आपण! पोचेपर्यंत उशीर झाला, एवढंच डॉक्टर म्हणाले. नंतर आपल्या लोकांनी सांगितलं, देवाची इच्छा. मी तेव्हा गप्प बसलो, लहान होतो. आता नाही बसणार. तुमचं जाणं देवाची इच्छा असेलही. पायऱ्या नसणं ही देवाची इच्छा नव्हती. ते माणसांचं काम होतं, ते माणसांनी केलं नाही, आणि ज्यांनी केलं नाही त्यांना विचारायला आपल्यातलं कुणी गेलं नाही, कारण आपण निवडलेले.

हे मी पाळकगृहात बोललो, थोडं मोठ्याने. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, "अरे, आपण या गावात मूठभर. दिसलो की डोळ्यांत येतो. उद्या कुणी उपासनेच्या वेळी दारात उभं राहून विचारलं, किती जणांना बाटवलंत, तर पुढे कोण होईल?" मी म्हटलं, "मी होईन." "आणि तुझ्या मागे बायका-पोरं असतील त्यांचं काय?" तो प्रश्न मी टाळला. पण मी गप्प बसणारा नाही. विचारलं, "मग नाताळात प्रत्येक पक्षाचा माणूस येतो, त्याला आपण शाल घालतो, व्यासपीठावरून त्याच्यासाठी प्रार्थना करतो, ते काय असतं?" "ते संबंध राखणं." "आणि मंडळीच्या कमिटीची निवडणूक? दोन काका खजिनदार व्हायला उभे राहिले, ते अजून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला एका रांगेत येत नाहीत. तो मोह नाही?" पाळकसाहेबांच्या ओठांवर हसू आलं होतं, मी पाहिलं, पण त्यांनी ते कपात बुडवलं. "तू फार बोलतोस," ते म्हणाले. "तुझे पप्पा असे नव्हते."

पप्पा, मी तुमच्यासारखा नाही, हे मला लोकांनी इतक्यांदा सांगितलंय की आता तो मला माझा गुण वाटायला लागलाय.

पाळकगृहातला तो चहा तिनेच आणला होता. तिच्याबद्दल मी तुम्हाला काय सांगू? चिपळूणला दवाखान्यात नर्स आहे, सुटीला येते. तिची एसटी यायच्या वेळी मला स्टँडजवळ नेहमी काहीतरी काम निघतं. परवा आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर भेटलो. मी तोंड पाडून बसलेलो. ती म्हणाली, "मानलं तुला. अजून चिन्ह मिळालं नाही आणि पहिलं मत पडलंसुद्धा. तेही विरोधात, तेही तुझंच." मी म्हटलं, "थट्टा नको. सांग, मागे घेऊ?" तिने वाळूत एक रेघ ओढली. मग म्हणाली, "माझ्यासाठी मागे घेतलास तर आयुष्यभर भांडणात तेच काढशील. मला तुझ्या तोंडून ते ऐकायचं नाही. आणि नाही घेतलास तर आमचे पप्पा हो म्हणणार नाहीत, आणि त्यांना दुखवून मी येणार नाही. आता बस." "म्हणजे काय करू?" "ते मला काय विचारतोस? उमेदवार तू." पप्पा, असं बोलणाऱ्या मुलीवर प्रेम करणाऱ्या माणसाची झोप कशी असेल, तुम्हीच सांगा.

घरी आलो तर मम्मी शिवण घेऊन बसली होती. म्हटलं, आता ही तुमचं नाव काढून रडणार. तर ती म्हणते, "मी दर वेळी मत दिलंय." तुम्ही ड्यूटीवर बाहेरगावी गेलात की ती दुपारचं आवरून, डोक्यावर पदर घेऊन केंद्रावर जायची. आणि तुम्ही यायच्या आत डाव्या हाताच्या त्या बोटाला चिंधी बांधायची. भाजी चिरताना कापलं म्हणून. दर निवडणुकीला तेच बोट, तीच भाजी. "आणि पप्पांना कळलं नाही?" मी विचारलं. तिने सुईत दोरा ओवला. "एकदा म्हणाले, चिंधी ओली झालीय, बदलतो. पाठमोरे होऊन बांधली त्यांनी. मला तोंड दिसलं नाही." पप्पा, हजारो बोटांना शाई लावणारे तुम्ही. चिंधी सोडली तेव्हा तुम्हाला जखम दिसली नसणार. तरी नवीन चिंधी बांधून दिलीत, घट्ट, बाहेरून कुणाला काही दिसू नये अशी. तुमच्या सगळ्या शिकवणुकीत मला ही एक गोष्ट पटली, आणि ती तुम्ही मला शिकवली नाहीत.

म्हणून ठरलंय. अर्ज मागे घ्यायला मी नगरपरिषदेत जाणार नाही. मुदत संपू दे. पाळकसाहेबांकडे मात्र जाईन, पायरीच्या खाली उभा राहीन, आणि निवडणूक झाल्यावर मागणी घालीन, हरलो तरी आणि जिंकलो तरी. हाकललं तर पुढच्या रविवारी परत. मी माझा बाकही सोडणार नाही. उपासना काय त्यांच्या एकट्याची आहे? देवाला माझा अर्ज मान्य नसेल तर त्याने स्वतः सांगावं, मधल्या माणसांकरवी निरोप नको. आणि शाल घेऊन कुणा पक्षवाल्याच्या मागे मी कधी दिसलो, तर माझं नाव तुम्ही वरून पुसा. तेवढा हक्क तुमचा.

खालच्या घरातले चाचा आत्ता पडवीत येऊन बसलेत. तुमच्या खुर्चीचा एक पाय त्यांनी धरला होता. आज ते माझ्याबरोबर घरोघर यायला निघालेत. काल म्हणाले, "तुझ्या पप्पाला उचलला तेव्हा कुणाचा देव कुठला ते विचारायला टाइम नव्हता. मत देताना पण नाय विचारणार. पण बाबू, निवडून येऊन पाखाडी नाय केलीस, तर तुला त्याच खुर्चीत बसवून खाली सोडीन. परत आणायला येणार नाय." आता ते हाका मारतायत, "अरे ओ नगरसेवक, चप्पल घालायला एवढा वेळ?" मम्मी त्यांना चहा विचारतेय.

हे कुठे पाठवायचं मला माहीत नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही लाल पेनने शुद्धलेखन तपासून परत केलं असतं. एवढं सगळं तावातावाने लिहिलं, पण एक सांगतो, मम्मीलाही सांगितलं नाही. वॉर्डातल्या प्रत्येक घराचा मी मनात हिशेब मांडतो, कोण देईल, कोण नाही देणार. आणि प्रत्येक वेळी सुरुवात आपल्या घरापासून करतो, आणि तुम्हालाही धरतो. मला तुमचं मत हवं होतं, पप्पा. ते काय असेल ते माहीत असूनसुद्धा.

चाचा उठले. कागद घडी करून शर्टाच्या खिशात घालतो आणि निघतो. वारा सुटलाय, दार आपटेल, बाहेरून नीट ओढून लावतो.